जरासं चुकायला शिकवणं

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातली पायाने भाता मारायची पेटी आठवते. चर्चमधला पाइप ऑर्गन म्हणजे तिचा दूरचा, वाड्यात राहणारा थोरला चुलता. शेकडो नळ्या, कुणी पेन्सिलीएवढी, तर कुणी चक्क ३२ फूट. त्या सर्वांत लांब नळीचा खर्ज सेकंदाला जेमतेम १६ कंपनांचा. कानाआधी तो बुडाखालच्या बाकाला कळतो. पण असली नळी उभी करायची तर पैसा हवा आणि तेवढं उंच छतही हवं. म्हणून काही चर्चनी तडजोड केली: वरचे सूर खऱ्या नळ्यांचे, खर्ज संगणकातून, स्पीकरवाटे. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चवर तर वेगळीच वेळ आली. सप्टेंबर २००१ मध्ये जुळे मनोरे कोसळले, त्यांची धूळ नळ्यांत शिरली आणि २००३ मध्ये तिथे अख्खा डिजिटल ऑर्गनच आला.

हौप्टवर्क नावाच्या संगणकप्रणालीसाठी जुन्या ऑर्गनची नळी न् नळी वेगळी ध्वनिमुद्रित करतात. पट्ट्यांची खडखड आणि हवेच्या पंख्याची घरघरसुद्धा. कारागिरांनी जन्मभर जी घरघर दाबली, ती आता हवी तेवढी वाढवून ऐकता येते!

खरी गंमत मात्र नळ्या आणि संगणक एका घरात नांदायला लागल्यावरची. नळीचा सूर हवेचा, आणि हवा ऋतूंची. ऊन एक अंशाने चढलं की ४४० कंपनांचा सूर पाऊण कंपनाने वर सरकतो. संगणक मात्र वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलासारखा जानेवारीतही ४४०, जुलैतही ४४०. दोघं एकत्र वाजले की तो हुशार मुलगाच बेसूर वाटतो. मग नळ्यांपाशी तापमापक बसवतात आणि तो संगणकाच्या कानात सांगतो, ‘अरे, घरात ऊन चढलंय, तूही जरा चढ.’

आमचे अण्णा काळी एकच्या पट्टीत गायचे. घरात इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, तेव्हा त्याला ते ‘डबा’ म्हणाले. सत्तरीनंतर त्यांचा आवाज उतरत गेला. पहाटे देवापाशी दिवा लावून झाला की आजी डब्याची कळ केसभर मागे फिरवायची. मग अण्णा यायचे, मांडी घालायचे, खाकरायचे आणि षड्ज लावायचे. तो चपखल बसायचा. ‘बघ, अजून काळी एकच आहे,’ ते मला दटावून सांगायचे.

‘हो तर,’ म्हणत आजी वाती वळत राहायची.