विटेची माती

मलकापुरात झाड वाळलं तर दोष पाण्यावर ढकलता येत नाही. कराडला चिकटलेल्या या गावानं घरोघरी मीटर बसवून नळाला चोवीस तास पाणी आणलं आणि त्याचं देशभर कौतुक झालं. पण त्या दिवसापासून इथल्या हौशी बागवानाची हक्काची सबब गेली. दुसऱ्या गावात "पाणीच नव्हतं हो" म्हटलं की जास्वंदीच्या सांगाड्याकडे बघून पाहुणे हळहळतात. इथले पाहुणे नळ सोडून बघतात. मग उरते ती माती. म्हणून आमच्याकडे गच्चीवर चार कुंड्या असलेला माणूस मातीबद्दल जितकं बोलतो, तितकं चार एकर ऊस असलेला बोलत नाही.

खरं म्हणजे कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात राहून माती शोधत फिरणं हाच एक विनोद आहे. प्रीतिसंगमापासून खाली रेठऱ्यापर्यंत काळीभोर, कसदार जमीन पसरली आहे. पण ती ज्याची त्याची. आगाशिवनगरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याच्या वाट्याला मुरूम येतो, बांधकामाचा चुरा येतो आणि नर्सरीवाला येतो. नर्सरीवाला आधी इमारतीचं वय विचारतो, मग म्हणतो, "साहेब, स्लॅबवर वजन नको. कोकोपीट न्या." आणि हातात एक तपकिरी, चौकोनी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पाच किलोंची वीट ठेवतो. ती पाण्यात टाकली की फुगायला लागते. बादली भरते, घमेलं भरतं, पाटी भरते. सत्तरेक लिटर ऐवज निघतो आणि घरातली माणसं आपापली भांडी लपवायला लागतात.

आमच्या भागात वीटभट्ट्या पुष्कळ. चांगली पोयट्याची माती खणून तिथं तिची वीट करतात, त्या विटांचे फ्लॅट होतात आणि त्या फ्लॅटच्या गच्चीवर बसून आम्ही विटेची माती करतो. या उलाढालीत कुणाचा ना कुणाचा फायदा होत असणारच, त्याशिवाय ती इतकी सुरळीत चालली नसती.

रेठऱ्याचे मामा एकदा गच्चीवर आले. त्यांनी कुंडीतला ऐवज चिमटीत धरला, चोळला, नाकाशी नेला.

"आरं, ही माती हाय व्हय? ह्यो तर काथ्याचा भुसा. ह्येला वास कुठाय?"

"मामा, मुद्दाम मागवतात. तमिळनाडूतनं येतो, पोलाचीहून."

"भुसा? तमिळनाडूतनं?" मामा क्षणभर गप्प झाले. "आन भाडं कोण देतं?"

मामांचा हा प्रश्न विलायतेतही बरीच वर्षं गाजतो आहे, फक्त जरा सभ्य भाषेत. तिकडच्या कुंडीत कोकोपीटच्या आधी नुसतं पीट असे. थंड मुलखातल्या दलदलीत शेवाळ मरतं, पण पाण्याखाली हवा नसल्यानं धड कुजत नाही. त्याचे थर एकावर एक साचतात, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे वीतभर खणलं की आपली पेशवाई लागते आणि हातभर खणलं की शिवकालही वर राहतो. जगातल्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के जमीन अशी आहे, पण जगभरच्या जंगलांतल्या सगळ्या झाडांत मिळून नाही इतका कार्बन तिनं पोटात धरून ठेवला आहे. ती उकरून, वाळवून पिशवीत भरली की तो कार्बन हवेत निघून जातो. मागे राहते पिशवी आणि तिच्यातलं पिटुनियाचं रोप, तेही एका हंगामाचं.

ही सवय तशी जुनी नाही. इंग्लंडातल्या जॉन इन्स संस्थेनं 1930च्या दशकात कुंडीच्या मातीचं जे प्रसिद्ध प्रमाण ठरवलं, त्यात 7 भाग खरी माती, 3 भाग पीट आणि 2 भाग वाळू होती. पुढं माती जड पडते, पीट हलकं, स्वच्छ आणि एकसारखं मिळतं म्हणून मातीच गळाली. (आमच्या नर्सरीवाल्याचा स्लॅबचा मुद्दा म्हणजे तसा आंतरराष्ट्रीय आहे.) मग बोंब झाली. हौशी बागवानांनी 2020पर्यंत आपखुशीनं पीट सोडावं, असं तिथल्या सरकारनं 2011मध्ये सुचवलं. आपखुशीनं कुणी काही सोडत नाही हे 2020 उजाडल्यावर कळलं. 2022मध्ये जाहीर झालं की 2024पर्यंत किरकोळ विक्रीवर बंदी घालू. 2024 आलं आणि गेलं, बंदी काही आली नाही. हे वाचून मला त्या देशाबद्दल पहिल्यांदाच मनापासून आपुलकी वाटली.

आयर्लंडची तऱ्हा आणखी गोड. तिथल्या बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीनं वर्षानुवर्षं पीट जाळून वीज केली आणि 2021मध्ये खणणं कायमचं बंद केल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. त्याच वर्षी तिथल्या बागायतदारांसाठी लाटव्हियाहून पीट भरलेलं जहाज बंदरात लागलं. भाडं कोण देतं, हे मामांनी तिथंही विचारलं असतं.

या भांडणावर उतारा म्हणून जी वस्तू पुढं आली, ती नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. एके काळी काथ्याच्या गिरण्यांमागे त्याचे ढीग पडून असत, त्यामुळे तो कामी लागला हे चांगलंच झालं. पण सोडणात मीठ असतं. ते जाईपर्यंत भुसा गोड्या पाण्यानं पुनःपुन्हा धुवावा लागतो. चांगला माल हवा असेल तर कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून पुन्हा धुवावा लागतो. हे सगळं होतं तमिळनाडूत, जिथं उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात. धुवून उरलेलं तांबूस, खारट पाणी विहिरींत उतरतं अशी तिथल्या गावांची तक्रार असते. मँचेस्टरच्या एखाद्या बाईंनी दलदल वाचवायला घेतलेली वीट आणि मी स्लॅब वाचवायला घेतलेली वीट या अशा सख्ख्या बहिणी, आणि त्यांच्या आंघोळीचं पाणी भरतंय तिसरंच गाव. मीटरच्या गावात राहून मी माझ्या नळाचं बिल नियमित भरतो, पण या पाण्याचं बिल माझ्याकडे यायची सोयच नाही.

ही माहिती मामांना सांगावी तर तेच माझ्या बाजूचे निघाले. त्यांनी यंदा को 86032 या उसाची लागण केली ती कांड्या पुरून केली नाही, रोपं आणून केली. रोपवाटिकेतून प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये आली रोपं, एका खळग्यात एक, खाली मुळांना लगडलेलं कोकोपीट. कराडपासून वाळवा-शिराळ्यापर्यंत शेडनेटखाली अशी लाखो रोपं उभी असतात. बेणं वाचतं, नांग्या भराव्या लागत नाहीत. मी म्हटलं, "मामा, हा भुसा तुमच्याही रानात आहे की." मामा म्हणाले, "त्यो रोपासंगट आलाय. मी कुठं इकत घेतलाय?" कायदेपंडिताला सुचलं नसतं.

आणि ज्या फडात ही रोपं लागली, त्याच फडातलं आधीच्या उसाचं पाचट मामांनी पेटवून दिलं होतं. आमच्याकडे हिवाळा स्वेटरनं कळत नाही. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर पाचटाची काळी पिसं येऊन बसली की समजायचं, तोडण्या जोरात आहेत. हेक्टरी 8 ते 10 टन वाळलेला पाला निघतो. आपल्याच जिल्ह्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राला नव्वदी उलटून गेली. पाचट कुजवायची शिफारस शेतकऱ्याला पाठ आहे: टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू संवर्धन. पाठ आहे म्हणजे केलं जातं असं नव्हे. मामांची बाजूही पोकळ नाही. "उंदरं होत्यात. पाणी फुडं सरकत न्हाई. सरीतनं पाचट दाबाय माणूस मिळतोय का? काडी वडली की धा मिंटात रान मोकळं." विलायतेत वर्षाच्या एका मिलिमीटरसाठी माणसं मोर्चे काढतात आणि आमचा वर्षभराचा थर आगपेटीच्या एका काडीत उरकतो. पाचट ठेवणारे शेतकरीही आता दिसतात, कुट्टी यंत्रंही आली आहेत, पण सदरे अजून धुवावेच लागतात.

या सगळ्याचं उत्तर याच टापूत मिळून कितीतरी वर्षं झाली, म्हणून जास्त चुटपूट लागते. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवारानं तासगावच्या द्राक्षबागायतदारांना आपापल्या बागेतच संशोधन करायला लावलं. माती आणायची वस्तू नव्हे, करायची वस्तू आहे, हा त्यांच्या 'विपुलाच सृष्टी'चा एक धागा. पाला, काटक्या, सूर्यप्रकाश आणि सवड एवढं भांडवल त्याला पुरतं. यातली सवड सोडून बाकी सगळं मलकापुरात मुबलक आहे.

आमच्या सोसायटीत पार्किंगला सावली देणारा एक गुलमोहर आहे. त्याचा पाला रोज झाडून घंटागाडीत जातो आणि त्याच गाडीमागून कुणीतरी कोकोपीटची वीट स्कूटरवर घेऊन आत येतं. म्हणून सर्वसाधारण सभेत मी पाल्याच्या खड्ड्याचा विषय काढला. वास येईल, साप येतील, फ्लॅटचे भाव उतरतील, असे तीन आक्षेप एका दमात आले. चौथा पहिल्या मजल्यावरच्या काकांचा होता: गुलमोहराची सावली त्यांच्या बाल्कनीवर पडते, तेव्हा पाल्यावर पहिला हक्क त्यांचा, आणि त्यांना खड्डा नको आहे. सेक्रेटरींनी दीड तासानं ठराव लिहिला: "पालापाचोळा साठवण्यास हरकत नाही, मात्र तो कोणाच्या दृष्टीस पडू नये."

पंपाच्या खोलीमागे तो साठला. मामांनी गावाकडून शेणाच्या दोन पाट्या आणून दिल्या आणि भाडं लावलं नाही. पावसाळा संपता संपता तळाशी जे निघालं, ते काळं होतं, भुसभुशीत होतं आणि त्याला वास होता. वाटपाच्या दिवशी काका घमेलं घेऊन सगळ्यांच्या पुढं उभे. वाटप फ्लॅटच्या क्षेत्रफळाप्रमाणे व्हावं, असं त्यांचं लेखी म्हणणं आहे. त्यांचा फ्लॅट बाल्कनीसकट मोजायचा की बाल्कनी वगळून, हा विषय पुढच्या सभेवर ठेवला आहे.