पाऊस संपला की बघू

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने निघालं आणि मुत्तुकाडूची खाडी ओलांडली की कोवलम लागतं. कोळ्यांच्या होड्या आणि सर्फिंग करणारी पोरं यांच्यामागे आता फ्लॅट उभे राहिलेत, आणि त्यांत शोधलं तर एक मराठी काका हमखास सापडतात. मुलगा सिरुसेरीच्या आयटी पार्कात, म्हणून बँकेतून निवृत्त झाल्यावर बिऱ्हाड इकडे आलेलं. समुद्राचं त्यांना फारसं कौतुक नाही. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज गंजतात एवढीच त्याच्याबद्दल तक्रार. त्यांचं चित्त गुंतलेलं असतं बेडरूममधल्या, क्रोशाचं कव्हर घातलेल्या कॉम्प्युटरमध्ये. त्यावर विंडोज १० आहे. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं आणि तेव्हापासून ते घ्यायचं की नाही हा विषय घरात चर्चेला आहे.

काकांना त्यातलं कळत नाही म्हणून ते थांबलेत, असं समजू नये. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद होणार, हे मुलाच्या आधी त्यांनीच जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं होतं. त्यांच्याकडे फुलस्केप वही आहे; डावीकडे ‘करावे’, उजवीकडे ‘करू नये’. उजवी बाजू पुढच्या पानावर गेलेली आहे.

मुलगा दिवसभर कंपनीचे शेकडो सर्व्हर अपडेट करतो आणि संध्याकाळी या एका यंत्रापुढे हात टेकतो. “बाबा, २०१७ चं वॉनाक्राय आठवतंय ना? मार्चमध्ये दुरुस्ती आली होती. ज्यांनी घेतली नाही त्यांच्या फायलींना मे महिन्यात कुलूप लागलं.” काका शांतपणे चष्मा पुसतात. “आणि १९ जुलै २०२४? पंच्याऐंशी लाख विंडोज मशीन एका दिवसात आडवी झाली. विमानतळावर बोर्डिंग पास हाताने लिहायची वेळ आली. कशाने? अपडेटने!” ते अपडेट विंडोजचं नव्हतं, क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा-कंपनीचं होतं, हे मुलगा सांगेपर्यंत काका बाल्कनीत गेलेले असतात.

शेवटी पत्रिका बघायचं ठरलं. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचा प्रोग्रॅम दिलाय. पहिलाच आक्षेप टीपीएम २.० या सुरक्षा-सोयीचा. काकांनी बायोसमध्ये शिरून ‘पीटीटी’ नावाचा बंद पर्याय चालू केला आणि तो मंगळ स्वतःच्या हाताने उतरवला. मग कळलं की खरी अडचण खानदानाची. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा हवा, आणि काकांचा, २०१७ साली घेतलेला, सातव्या पिढीचा. स्थळ फिसकटलं म्हणून मुलगा वैतागला. काका त्या रात्री एक पोळी जास्त जेवले.

जावयाने पुण्याहून फोनवर आडवाट सुचवली: तपासणी चुकवून ११ बसवता येतं. पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, हे काकांच्या वहीत आधीच होतं. बिनजामीन व्यवहार त्यांनी नोकरीतही केला नव्हता. लिनक्सचा विचार झाला. ‘बॉस’ लिनक्स सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात तयार झाली, तमिळनाडू सरकारने २०११ पासून विद्यार्थ्यांना वाटलेल्या लॅपटॉपवर ती होती, आणि सी-डॅक मूळचं पुण्याचं! काकांना भरून आलं. पण घरातली सगळी वंशावळ श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. फॉन्ट नसला की पणजोबांच्या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि इंग्रजी अक्षरांची रांग उभी राहते. पणजोबांना त्या अवस्थेत बघायची काकांची तयारी नाही.

नवा कॉम्प्युटर? “चालू वस्तू टाकून द्यायची?” तो विषय तिथेच संपतो.

मग राहतं पंचांग. २०२५ च्या सप्टेंबरात पितृपक्ष होता, त्यात नवं काही नको. १ ऑक्टोबरला खंडेनवमी, म्हणजे इकडची आयुध पूजा. सीपीयूला गंध-फूल वाहिलेलं, त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही. दसऱ्याला मुहूर्त होता, पण त्याच दिवशी गांधीजयंती आली. काही बिघडलं तर दुकान उघडं कुठे असणार? पुढे दिवाळी. ती होते तोवर ईशान्य मोसमी पाऊस, वीज कधी जाईल सांगता येत नाही. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला. तो निघायच्या आत कॉम्प्युटरच दगावला तर? आणि डिसेंबर हा चक्रीवादळांचा. २०१६ चं वरदा, २०२२ चं मांडूस, २०२३ चं मिचाँग, तिन्ही डिसेंबरातली. मांडूस तर इथून जवळच, मामल्लपुरमपाशी किनाऱ्यावर चढलं. म्हणजे काका अगदीच हवेत बोलत नाहीत.

एका रविवारी मुलाने न विचारता विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्तीच्या वर्षभराच्या मुदतवाढीला नाव नोंदवलं. एरवी तिला तीस डॉलर पडतात. सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवला तर फुकट. “फुकट देतात म्हणजे काहीतरी घेतात,” काका कुरकुरले, पण मुदतवाढ म्हटल्यावर बँकवाल्याचा चेहरा उजळायचा तो उजळलाच.

परवा शेजारचे निवृत्त तमिळ गृहस्थ दारात आले. “अपग्रेड पण्णलामा, सार?” काकांनी प्रोसेसर विचारला, बॅकअप आहे ना विचारलं, आणि चप्पल घालून निघालेच. दीड तासात त्यांच्या घरी विंडोज ११ सुरू करून, वर फिल्टर कॉफी पिऊन परतले.

“अहो, मग आपलं?” काकूंनी विचारलं.

“आपली केस वेगळी आहे,” काका म्हणाले आणि वही काढून त्यांनी लाल शाईने तारीख टाकली: १३ ऑक्टोबर २०२६. खाली कंसात: पावसाचा अंदाज बघून.