सहाव्या फटक्यापर्यंत माया

दुक्ममध्ये गाडी चालवताना दोघांना वाट द्यावी लागते. एक रिफायनरीकडे निघालेला ट्रेलर, दुसरा कुठेच न निघालेला उंट. ट्रेलर निदान हॉर्नला दाद देतो.

ओमानच्या या किनाऱ्यावर बंदर, सुकी गोदी, दोन हजार चौरस किलोमीटरचे आर्थिक क्षेत्र आणि रोज २ लाख ३० हजार पिंपे तेल शुद्ध करणारा कारखाना, हे सगळे गेल्या दीडेक दशकातले. उंट त्याआधीचे. आपले वेल्डर-फिटर इथे कामाला आले की घरी पहिला फोटो उंटाचा धाडतात, बंदराचा नंतर कधीतरी, आठवण झाली तर.

पण रस्त्यात ठिय्या देणारा उंट निराळा आणि शर्यतीचा उंट निराळा. शर्यतीच्या उंटावर जॉकी असतो. वजन दोन-तीन किलो. अंगात भडक रेशमी सदरा, डोक्यावर टोपी, पोटात कॉर्डलेस ड्रिलची मोटर. मोटरीला चाबूक जोडलेला आणि सोबत एक लहानसा स्पीकर. मालक धावपट्टीलगतच्या रस्त्याने लँड क्रूझरमधून बरोबरीने येतो, काचा बंद, एसी चालू. एका हातात वॉकीटॉकी, दुसऱ्यात रिमोट. बटण दाबले की चाबूक पंख्यासारखा गरगरतो आणि वॉकीटॉकीत ओरडले की उंटाच्या मानेमागून खुद्द मालकाचा आवाज निघतो. गाडी हाकायला अर्थातच पुतण्या.

हा यांत्रिक जॉकी कतार आणि अमिरातीत २००५च्या सुमारास आला. त्याआधी उंटांवर लहान पोरे बांधत. पाकिस्तान, बांगलादेश, सुदानमधून आणलेली, जितकी हलकी तितकी चांगली. जगभर बोंब झाली, कायदे झाले, पोरे सुटली. याची थट्टा करण्यासारखे काही नाही. उंटाच्या वाट्याला मात्र एवढीच सुधारणा आली की मारणारा आता दमत नाही.

त्यातही बुद्धिमान माणसे निघालीच. २०११ साली दुबईत विजेचा झटका देणारे जॉकी पोलिसांच्या हाती लागले. चाबूक दिसतो, झटका दिसत नाही. प्राणिमित्रांच्या भावना दुखावू नयेत म्हणूनच कुणीतरी एवढा खटाटोप केला असणार.

वाळवंटातल्या लोकांचे असेच, असे म्हणून नाक मुरडण्याआधी जरा विलायतेकडे बघू. तिथे घोड्याच्या पाठीत मऊ गादीचा चाबूक मारतात, तोही मोजून. २०२३च्या नियमानुसार सपाट शर्यतीत सहा फटके, अडथळ्यांच्या शर्यतीत सात. कुंपणावरून उडी मारणाऱ्या घोड्याची कातडी एका फटक्याने जाड असते, हे शास्त्र आपल्याला ठाऊक नव्हते. सहाव्यापर्यंत प्रोत्साहन, सातव्यापासून क्रौर्य. खरी गंमत पुढे आहे. सातवा, आठवा, नववा फटका मारला तर जॉकी घरी बसतो, पण घोड्याचा नंबर कायम आणि मालकाचे बक्षीसही कायम. मर्यादेपेक्षा चार जास्त झाले, म्हणजे दहावा पडला, तरच घोडा बाद. मार ज्याने खाल्ला तोच बाद, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

नॉर्वेने १९८२ सालीच चाबकाला रजा दिली. तिथले घोडे काही मैदानात बसून राहिले नाहीत. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२०मध्ये ब्रिटनमधल्या चाबकाच्या आणि बिनचाबकाच्या शर्यती ताडून पाहिल्या. वेगात फरक नाही, सुरक्षिततेतही नाही. यावर शौकिनांचे उत्तर तयार असते: चाबूक वेगासाठी नाहीच मुळी, घोडा सरळ रेषेत राहावा म्हणून आहे. शेवटच्या दोनशे मीटरमध्येच सगळे घोडे एकदम वाकडे कसे चालू लागतात, हे विचारायचे नाही.

आपल्याकडे मात्र प्रश्न सुटलेला आहे. २०१४ला बैलगाडा शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१मध्ये सुप्रीम कोर्टाने तात्पुरती वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायद्यावर शिक्का मारला. नियमात चाबूक नाही, काठी नाही, पराणी नाही. कागदावर बैल इतका सुखी आहे की शेतकऱ्याने हेवा करावा. घाटात भंडारा उधळला की काही काळ कुणालाच काही दिसत नाही, तो भाग वेगळा. पुणे जिल्ह्यातल्या गाड्यावर तर पळताना माणूसच नसतो. पुढे घोडी, मागे बैल, आणि स्पीकरवर निवेदकाचा घसा. चालकाविना वाहन म्हणून अमेरिकेत जे आज कौतुकाने दाखवतात, ते आपण मंचरला कधीच पळवून बसलो. रोबोट घ्यायचा खर्चही वाचला.

ओमानींपाशी खरे तर चाबकाविनाचा एक खेळ आहे. त्याला अर्दा म्हणतात. युनेस्कोने २०१८ साली तो वारशाच्या यादीत घेतला. दोन स्वार आपापले घोडे किंवा उंट शेजारी-शेजारी भरधाव सोडतात आणि पाठीवर उभे राहून एकमेकांचा हात धरतात. कौशल्य दोघांनी जोडीने धावण्यात; एक पुढे गेला की खेळ बिघडला. आता यात जिंकला कोण? पैसे लावायचे कुणावर? बक्षिसाची लँड क्रूझर अर्धी-अर्धी कापायची का? असल्या बिनकामाच्या कलेला युनेस्कोशिवाय कोण विचारणार.

तेव्हा शर्यती राहणार, म्हणून आमची एक किरकोळ तांत्रिक सूचना. रिमोटला आणखी एक तार जोडावी आणि ती लँड क्रूझरच्या सीटखाली न्यावी. मालकाने बटण दाबले की एक फटका तिकडे, एक इकडे. घाबरण्याचे कारण नाही. चाबूक मऊ गादीचाच असेल, सहापेक्षा जास्त फटके पडणार नाहीत, आणि तेही निव्वळ मालक सरळ रेषेत राहावेत म्हणून.