ऑर्गॅनिक केमिस्ट्री : चकटफू आणि बिनकष्टाची

प्रस्तुत मार्गदर्शन बी.एस्सी.च्या आणि नीट-जेईईच्या त्या विद्यार्थ्यांसाठी आहे, ज्यांना सेंद्रिय रसायनशास्त्र, म्हणजे वर्गातल्या बोलीत ‘ऑर्गॅनिक’, इंटरनेटवरून एकही पैसा न देता शिकायचं आहे. साधनं मुबलक आहेत आणि पथ्य एकच : या संपूर्ण काळात हातात पेन्सिल धरायची नाही. पेन्सिल धरली की विषय समजू लागण्याचा धोका असतो, आणि विषय समजू लागला की नवी साधनं शोधायला निमित्त उरत नाही.

आरंभ साठवणुकीने करावा. गूगल ड्राइव्हवर ‘ऑर्गॅनिक फायनल’ नावाचं फोल्डर उघडावं, त्यात ‘ऑर्गॅनिक फायनल नवीन’ आणि त्याच्याही पोटात ‘हे बघ’. मग टेलिग्रामवर जाऊन मॉरिसन-बॉइड, क्लेडन वगैरे थोर मंडळींच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ गोळा कराव्यात. स्कॅन तिरका असावा, मधली काही पानं गायब असावीत, आणि समासात कुणा अज्ञात विद्यार्थ्याने खरडलेली चुकीची उत्तरं असावीत. फाइल जितकी जड, तितकं आपलं ज्ञान वाढल्याची भावना दाट होते. फोनची मेमरी भरली म्हणजे अभ्यासाचा पहिला टप्पा पार पडला.

इथे एक धोक्याचं वळण आहे. जॉन मॅकमरी यांचं ‘ऑर्गॅनिक केमिस्ट्री’ हे जाडजूड पाठ्यपुस्तक १९८४पासून जगभर विकलं गेलं, आणि स्वस्तात तर मुळीच नाही. २०२३मध्ये त्याची दहावी आवृत्ती राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सने सगळ्यांसाठी मोफत खुली केली. मॅकमरींचा मुलगा पीटर सिस्टिक फायब्रोसिसने २०१९मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ बापाने पुस्तक मोकळं केलं आणि त्याबद्दल मिळालेली परवान्याची रक्कम त्या आजारावर काम करणाऱ्या संस्थेला गेली. बरोबर उत्तरांची पुस्तिकाही फुकट आहे. अक्षर स्वच्छ, चित्रं रंगीत, पानं सगळी जागच्या जागी. साहजिकच तिकडे फिरकू नये. त्याच पुस्तकाची जुनी, काळवंडलेली, चोरीची प्रत टेलिग्रामवर असते, ती उतरवून घ्यावी. सरळ दरवाजा उघडा असताना खिडकीतून आत शिरण्याची परंपरा आपण मोडायची नाही.

आता गुरू निवडणं. निवडणं म्हणजे बदलत राहणं. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून चालवलेल्या एनपीटेलवर ऑर्गॅनिकचे अनेक कोर्स आहेत. नावनोंदणी मोफत, पैसे फक्त परीक्षेला बसून प्रमाणपत्र हवं असेल तर. म्हणून नावनोंदणी उदारपणे करावी. दर आठवड्याला असाइनमेंट येते आणि तिचे गुण अंतिम निकालात धरतात, ही गोष्ट तिसऱ्या आठवड्यात कळते. तोवर दुसऱ्या कोर्सची नोंदणी सुरू झालेली असते.

एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर उदाहरणसंच आणि जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसकट ठेवलेल्या आहेत. पैकी उत्तरं वाचावीत. उत्तर वाचून ‘हे तर मला येत होतं’ असं वाटतं, आणि या वाटण्यातून मिळणारं समाधान प्रश्न सोडवण्यात नाही. येल विद्यापीठातले मायकेल मॅकब्राइड यांची २००८ सालची व्याख्यानमालाही खुली आहे, पण तिच्याबाबत जपून राहावं. पहिल्याच व्याख्यानाचं नाव ‘तुम्हाला हे कसं माहीत?’ अशा अर्थाचं आहे. हे गृहस्थ अभिक्रियांकडे वळायच्या आधी कितीतरी तास बंध म्हणजे काय, तो असतो हे कशावरून, कुणी पाहिला, यातच रमतात. असल्या प्रश्नांची सवय लागली तर परीक्षेत नुसतं पाठ केलेलं लिहिताना हात अडखळतो. त्यापेक्षा परीक्षेच्या आदल्या रात्रीचा सहा तासांचा ‘वन शॉट’ व्हिडिओ बरा. तो दुप्पट वेगाने लावला की तीन तासांत आटोपतो, आणि मध्ये झोप लागली तर त्याहून लवकर.

यानंतर बाणांचा अध्याय. सगळी ऑर्गॅनिक या वाकड्या बाणांवर उभी आहे, त्यामुळे न शिकण्याचं खरं कौशल्य इथेच लागतं. १९२२मध्ये केरमॅक आणि रॉबिन्सन यांनी इलेक्ट्रॉनांची हालचाल दाखवायला हे बाण वापरले. बाणाची शेपटी जिथे इलेक्ट्रॉनांची जोडी आहे तिथे आणि टोक ती जिथे जाणार तिथे, इतकाच नियम. जेम्स अ‍ॅशनहर्स्ट यांच्या ‘मास्टर ऑर्गॅनिक केमिस्ट्री’वर हा नियम इतक्या परींनी आणि इतक्या चिकाटीने समजावला आहे की तो न कळण्यासाठी प्रयत्न करावे लागतात. ते पुढीलप्रमाणे करावेत.

प्रोपीन आणि हायड्रोजन ब्रोमाइड घ्या. बाण एच-प्लसपासून सुरू करून दुहेरी बंधाकडे न्या. एच-प्लसकडे द्यायला एकही इलेक्ट्रॉन नाही, दुहेरी बंधाकडे मात्र आहेत, असल्या क्षुल्लक गोष्टी मनावर घेऊ नयेत. मग ब्रोमीन कुठल्या कार्बनला लावायचा हे मार्कोव्हनिकॉव्हच्या नावाने पाठ करा : हायड्रोजन ज्याच्याकडे जास्त, नवा हायड्रोजन त्यालाच. मधल्या कार्बनवर आलेला धन भार टोकाच्या कार्बनवरच्या भारापेक्षा जास्त टिकाऊ असतो, म्हणून ब्रोमीन मध्ये जातो, हे एकदा कळलं तर अशा पन्नास अभिक्रियांची घोकंपट्टी वाया जाईल. पुढे पेरॉक्साइड घातल्यावर नियम उलटतो तेव्हा अपवाद म्हणून वेगळी वही करावी. तिथे मुळात वेगळाच रस्ता सुरू होतो, आधी येऊन चिकटतो तो ब्रोमीनचा मूलक, हे त्या वहीत लिहू नये. एखाद्या कार्बनला पाच बंध पडले तर घाबरायचं कारण नाही. तपासणाऱ्याचंही पेपरांच्या गठ्ठ्यात लक्ष नसतं, अशी श्रद्धा असावी.

हल्ली एआय चॅटबॉटला विचारायची सोय आहे. तोही पाच बंध काढतो, पण अतिशय आत्मविश्वासाने, आणि चूक दाखवली की दिलगिरी व्यक्त करून सहा काढतो.

रेणू त्रिमितीत असतो, ही तक्रार नेहमीची. मॉलव्ह्यू ब्राउझरमध्ये उघडून रेणू बोटाने फिरवता येतो. तो फिरवत बसावं, गाणं लावून. भिजवलेले हरभरे आणि टूथपिक घेऊन मिथेन करायचा, चारही काड्यांमधला कोन १०९.५ अंश व्हायला हवा म्हणून खटपट करायची, मग चारही टोकांना वेगवेगळे दाणे लावून आरशातली प्रतिमा करून बघायची, हे उद्योग हातांना सवय लावतात. शिवाय आई विचारते, उसळीचे हरभरे कुठे गेले.

ज्यांना प्रात्यक्षिकाची हौस आहे त्यांनी ‘ऑर्गॅनिक सिंथेसीज’ हे प्रकाशन मुळीच पाहू नये. १९२१पासून ते चालू आहे, आज सगळं मोफत वाचता येतं. तिथे कुणीही पाठवलेली कृती थेट छापत नाहीत. संपादक मंडळातल्या एखाद्याच्या प्रयोगशाळेत ती आधी पुन्हा करून बघतात, जमली तरच छापतात, आणि करून बघणाऱ्यांची नावंही लेखकांच्या जोडीने देतात. आपल्याकडे जर्नल आधी पूर्ण करून प्रयोग सवडीने करण्याची पद्धत आहे. उत्पादन ८२ टक्के आलं हे गेल्या वर्षीच्या जर्नलमधून कळतं, तपासणाऱ्याची लाल सही मिळते, मग तिसऱ्याच्या प्रयोगशाळेचा प्रश्न येतो कुठे? अ‍ॅसिटॅनिलाइडचा वितळणबिंदू ११४ अंशाच्या आसपास असतो, तो लिहून ठेवला की झालं.

जपानची एसडीबीएस नावाची वर्णपटांची मोफत पेटी आहे. आपण बनवलेल्या पदार्थाचा इन्फ्रारेड तिथल्या आलेखाशी ताडून बघता येतो. एका दिवसात ५०हून जास्त वर्णपट उतरवू नका, अशी त्यांची विनंती आहे. आपल्या वाचकांकडून या मर्यादेचा भंग होण्याची भीती नाही. पबकेम या रसायनांच्या माहितीसाठ्यात अ‍ॅस्पिरिनचा क्रमांक २२४४ आहे, हे मात्र लक्षात ठेवावं. व्हायवात कुणी विचारणार नाही, पण ग्रुपवर टाकायला बरं.

नेम रिअ‍ॅक्शनची यादी शेवटी. बेकर-व्यंकटरामन पुनर्रचना हे नाव यादीत आलं की परदेशी म्हणून पुढे जावं. यातले व्यंकटरामन पुढे मुंबईच्या यूडीसीटीचे आणि मग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले, तिचे पहिले भारतीय संचालक. ही माहिती कळल्यावर त्या अभिक्रियेचा मेकॅनिझम काढून बघायची इच्छा होऊ शकते, आणि तो निघतोही, थोड्याच बाणांत, फक्त कागद लागतो.

इतकं सगळं पार पडल्यावर तुम्ही सीनियर होता. आता नव्या मुलांचा ग्रुप करावा आणि ‘ऑर्गॅनिक फायनल’ फोल्डरची लिंक त्यांना पाठवावी. खाली लिहावं : एवढं केलंस तर आउट ऑफ पडतील. लिंकचा अ‍ॅक्सेस द्यायचा राहिला असेल तर काळजी नको. चार महिन्यांनी, परीक्षेच्या आदल्या रात्री दीड वाजता, परवानगी मागणारा पहिला मेल येईल.