खासगीपणाचे जाहीर प्रदर्शन

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तेव्हापासून मराठी मध्यमवर्ग आपले खासगीपण मोठ्या अभिमानाने, फोटोंसकट, चारचौघांत मांडत आला आहे.

सुट्टीला निघालेले कुटुंब विमानतळावरूनच बोर्डिंग पास झळकावते. त्यावर आडनाव आणि पीएनआर असतो. अनेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर एवढ्या भांडवलावर बुकिंग उघडते, परतीच्या तारखेसह. घरफोडी करणाऱ्याला पूर्वी गल्लीत चार चकरा माराव्या लागत; ही पायपीट वाचली. आता कुलूप कोणत्या कंपनीचे आणि शेजारचा कुत्रा चावतो की नुसता भुंकतो, एवढे फोटोखाली लिहिले की सेवा परिपूर्ण होईल.

परदेशात अजून मागासलेपण दिसते. 2012 मध्ये अँटिव्हायरसवाले जॉन मॅकॅफी बेलीझच्या पोलिसांपासून लपले होते. सोबतच्या पत्रकारांनी छापलेल्या फोटोतल्या जीपीएस नोंदीवरून ते ग्वाटेमालात असल्याचे उघड झाले. शोधणाऱ्या बिचाऱ्यांना ती नोंद खोदून काढावी लागली. इथे ठिकाण, शाळेचे नाव आणि चिमुरडीचा वर्ग ठळक अक्षरांत आयता मिळतो.

2023च्या डेटा संरक्षण कायद्यानेही या दातृत्वाची कदर केली आहे: स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे.

अर्थात सावधगिरीही पाळली जाते. प्रोफाइलच्या फोटोला फेसबुकचे कुलूप असते. त्या फोटोत गुलाबाचे फूल असते.