फक्त नऊ टक्के, काका!

सातारा-सांगलीकडे दसऱ्याला गाडी काढायची म्हणजे हार, पेढे आणि सह्या. हार बॉनेटला, पेढे शोरूमला आणि सह्या न वाचलेल्या कागदांवर. सेल्समन प्रेमाने सांगतो, ‘काका, फक्त नऊ टक्के, फ्लॅट!’ पाच वर्षांच्या कर्जावर हे फ्लॅट नऊ टक्के घटत्या बाकीच्या हिशेबाने पंधराच्याही वर जातात. पण ते सांगणारा नेमका त्या दिवशी रजेवर. उसाच्या वजनात काटा मारला म्हणून कारखान्यावर मोर्चा नेणारे आपण, इथे काट्यालाच हार घालतो.

वाहनकर्जदारांना जीपीएस यंत्रे विकल्याच्या प्रकरणात रिझर्व्ह बँकेने मे 2021 मध्ये एचडीएफसी बँकेला 10 कोटींचा दंड केला. मग बँकेने त्या यंत्रांवरचे कमिशन ग्राहकांना परत करण्याचे जाहीर केले. गाडी कुठे आहे हे यंत्राला कळत होते. कमिशन शोधायला रिझर्व्ह बँक लागली. ब्रिटनमध्ये तर छुप्या कमिशनपायी नियामकाने 2025 मध्ये कर्जामागे सरासरी सुमारे 700 पौंड भरपाई सुचवली.

आपल्याकडेही ऑक्टोबर 2024पासून खरा वार्षिक दर छापलेले पत्रक कर्जाआधी देणे सक्तीचे आहे. त्यावर पेढ्यांचा पुडा छान बसतो. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत. काका मात्र म्हणतात, ‘जाऊ द्या हो, धाकटा त्याच शोरूमात चिकटलाय. कमिशनवर.’