घेतलाय, आता काय करू?

शेअर घ्यायच्या आधी सल्ला विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. 'घेऊ का?' असं कोणी विचारत नाही. 'घेतलाय, आता काय करू?' असंच विचारतात. त्यावर ऐकायचं उत्तरही मनात तयार असतं : 'थांबा, वर जाणार.' असं म्हणेल तो जाणकार, आणि 'विकून मोकळे व्हा' म्हणेल त्याला मार्केटमधलं काही कळत नाही.

दादरच्या एका शाळेत मी गणित शिकवायचो. शेकडेवारी, चक्रवाढव्याज, नफा-तोटा ही प्रकरणं मी झोपेतही शिकवू शकतो, आणि काही विद्यार्थ्यांच्या मते मी तशीच शिकवायचो. आमच्या घराण्याचे पैसे मात्र पिढ्यान्‌पिढ्या पोस्टात आणि मुदत ठेवीत. शेअरशी आमचा संबंध डोंबिवली स्टेशनबाहेरच्या रिक्षापुरता.

मला बिघडवलं ते सकाळच्या लोकलने. आमच्या डब्यात एक गृहस्थ होते, त्यांना सगळे फोर्टवाले म्हणत. ऑफिस दलाल स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत, एवढ्या भांडवलावर डब्याने त्यांना तज्ज्ञ करून टाकलं होतं. ते एका रंगाच्या कंपनीत बिलं तपासायला होते, हे मला त्यांच्या निरोप समारंभात कळलं. पण शेअर बाजाराच्या इमारतीवरून रोज चालत जाणाऱ्या माणसाला आतलं काही ठाऊक नसेल, हे मानायला डब्यात कोणीच तयार नव्हतं. टिप द्यायची त्यांची पद्धतही भारदस्त. मुंब्र्यापर्यंत गप्प. कळव्याला पेपरची घडी. ठाण्याला गर्दी आत शिरली की तिच्या आडोशाने कानाशी : "मास्तर, अडतीसला मिळतोय. मी साठ बघतोय." कुठे बघत होते देव जाणे!

कंपनी म्हणजे एक जुनी कापड गिरणी. कापड कधीच बंद झालेलं, पण अलीकडे नावापुढे 'ग्रीन एनर्जी' लागलं होतं. मी ५०० शेअर घेतले, ३८ च्या भावाने. दुसऱ्या दिवसापासून अप्पर सर्किट. म्हणजे भाव एका दिवसात जास्तीत जास्त ५ टक्के वाढू शकतो, तिथे तो सकाळीच जाऊन बसायचा आणि विकायला कोणी तयार नसायचं. मला आणखी घ्यायचे होते, पण मिळेनात. रोज ऑर्डर लावायची, रोज ती तशीच पडून राहायची. शेवटी एके दिवशी सर्किट सुटलं आणि ६० च्या भावाने मला १५०० शेअर एका झटक्यात मिळाले. इतके दिवस एकेका शेअरसाठी अडून बसलेली माणसं आजच अशी उदार का झाली, हा प्रश्न सातवीच्या मुलानेही विचारला असता. मी पेढे आणले.

त्यानंतर तोच भाव त्याच शिस्तीने उतरू लागला, रोज ५ टक्के. आता सल्ल्याची गरज होती.

सर्वांत आधी मेहुण्यांना फोन केला. ते पुण्याला आयटीत आहेत आणि त्यांच्या मते या जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध, लाँग टर्म. "भाऊजी, रोज भाव बघूच नका. दहा वर्षं विसरून जा." मग आपल्याकडचा एक शेअर सुचवला, तो विसरू नका म्हणाले. फॅमिली डॉक्टरांकडे रक्तदाब मोजायला गेलो तर रक्तदाबाच्या यंत्राशेजारी त्यांचं दुसरं यंत्र लाल-हिरवं लुकलुकत होतं. त्यांनी पट्टा आवळता आवळता एक औषध कंपनी सुचवली. भाचा म्हणाला, "मामा, शेअर काय घेता, ऑप्शन करा." त्याला मी सेबीचा अहवाल दाखवला : २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे ७ टक्के फायद्यात आहेत." हा पोरगा माझ्याच हाताखाली गणित शिकलाय.

गिरणीबद्दल मात्र कोणी बोलेना. शेवटी मी एका हिंदी वाहिनीला फोन लावला. सकाळी तिथे एक तज्ज्ञ बसतात आणि लोकांच्या शेअरची विचारपूस करतात. शिक्षकखोलीत कोणी ओळखू नये म्हणून गाव ठाणे सांगितलं. फोन लागला. घरातला टीव्ही मोठ्याने चालू होता, त्यामुळे माझा आवाज मलाच दोन सेकंद उशिराने ऐकू येत होता आणि मी स्वतःलाच 'हां, हां' म्हणत होतो. निवेदिका म्हणाली, "टीव्ही का वॉल्यूम कम कीजिए." ही धावली, रिमोट सापडेना, तिने मेन स्विच बंद केला.

"बताइए, कितने शेअर, किस भाव पे?"

"दो हजार. पाँच सौ अडतीस पे और पंद्रह सौ साठ पे."

तज्ज्ञ दचकले. त्यांना वाटलं ५३८ आणि १५६० चे भाव सांगतोय. तो घोळ निस्तरेपर्यंत माझा निम्मा वेळ गेला.

"आपका नज़रिया क्या है?"

मी म्हणालो, "लेते समय शॉर्ट टर्म था, अभी लाँग टर्म हो गया है."

ते हसले नाहीत. त्यांच्याकडे दिवसाला असे वीस येत असावेत. "देखिए, इस काउंटर को हम ट्रॅक नहीं करते," म्हणाले आणि दुसरा फोन घेतला. मला खरं तर तिथेच कळायला हवं होतं. दिवसभर शेअरवर बोलायचे पैसे घेणारा माणूस ज्या शेअरवर बोलायला तयार नाही, त्यात माझी निवृत्तीची पुंजी बसली होती. पण मी त्याचा अर्थ असा लावला की अजून मोठ्या लोकांचं लक्ष गेलेलं नाही, तोवर आणखी घ्यावेत. बाजारात याला ॲव्हरेज करणं म्हणतात.

ती सकाळ मला स्पष्ट आठवते. बाजार ९.१५ ला उघडला. पडद्यावर डावीकडे घेणारे, उजवीकडे विकणारे. उजवीकडे चार लाखांच्या वर शेअर विकायला रांगेत. डावीकडे शून्य. भाव ३१. मी १००० चा आकडा घातला, 'बाय' दाबलं, आणि बोट उचलायच्या आत सौदा झाला. उजवीकडची रांग बरोबर १००० ने कमी झाली. डावीकडे पुन्हा शून्य. मुंबई-गुजरातेत मिळून त्या क्षणी हा शेअर घेऊ इच्छिणारा एकच मनुष्य होता, आणि तो डोंबिवली पूर्वेला बनियनवर बसला होता. लोअर सर्किटमध्ये विकता येत नाही ही तक्रार सगळे करतात. घेता किती पटकन येतं, याचं कौतुक कोणी करत नाही.

५ टक्क्यांच्या लोअर सर्किटने भाव निम्मा व्हायला १४ सत्रं पुरतात. हे मी लॉगॅरिथमने काढलं. उत्तर बरोबर आलं याचा क्षणभर आनंदही झाला.

घरात बोलणी खावी लागली की मी इतिहासाचा आधार घ्यायचो. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबई शेअरच्या मागे वेडी झाली. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅकबे रेक्लमेशनचा ५००० चा शेअर ५०,००० पर्यंत चढला. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजाही त्यात बुडाला. हिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांनी निदान त्याआधी आईच्या नावाने राजाबाई टॉवरला पैसे दिले होते. तुम्ही फक्त पेढे आणलेत."

अखेर एक्स्चेंजने तो शेअर जादा देखरेखीच्या यादीत टाकला आणि त्याचे सौदे आठवड्यातून एकदाच, सोमवारी, होऊ लागले. सोमवारचा माझा उपवास असतोच.

निवृत्तीनंतर मुलीने धरून मला नोंदणीकृत सल्लागाराकडे नेलं. नौपाड्यात लहानसं ऑफिस. भिंतीवर सेबीचं प्रमाणपत्र, त्यावर 'आयएनए'ने सुरू होणारा क्रमांक. खुर्चीतली बाई उठून उभी राहिली आणि पाया पडली. माझी विद्यार्थिनी! मला हायसं वाटलं, म्हटलं फी वाचली.

तिने आधी एक फॉर्म दिला. 'तुमची गुंतवणूक २० टक्के घसरली तर काय कराल?' चार पर्याय. मी सवयीने बरोबर उत्तर शोधू लागलो. "सर, यात बरोबर-चूक नाही," ती म्हणाली. गणिताच्या पेपरात असं कधी झालं नव्हतं. मग तिने माझी यादी काढली आणि एकेका नावापुढे बोट ठेवून विचारत गेली, हा का घेतला?

"मेहुणे."

"हा?"

"डॉक्टर."

"हे दोन?"

"डब्यातले."

तिने एकाही ठिकाणी कंपनी काय करते असं विचारलं नाही, कारण पहिल्या तीन उत्तरांतच तिला कळलं असावं. माझा पोर्टफोलिओ म्हणजे आहेराची वही होती : कोणी काय दिलं, त्याच क्रमाने. फरक इतकाच की हा आहेर माझ्याच पैशांचा.

गिरणीशी आल्यावर ती थांबली. ३००० शेअर, एकूण १,४०,००० रुपये, आता भाव ७.

"सर, मुद्दल वसूल व्हायला भाव किती टक्के वाढायला हवा?"

"पाचशे सदुसष्ट," मी लगेच सांगितलं. तोंडी हिशेब अजून शाबूत आहे.

"मग विका. तोटा दाखवून ८ वर्षं पुढे ओढता येतो, दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो."

"त्यासाठी आधी नफा लागेल."

"हो, तेवढं राहिलंय," ती म्हणाली. बाकी नावांपैकी चार ठेवा, उरलेली विकून पैसे इंडेक्स फंडात टाका, आणि कोणाला काही विचारू नका, एवढंच सांगितलं. हेच आमच्या घरातून फुकट सांगितलं जात होतं. मग तिने पावती फाडली, जीएसटीसकट. माझा चेहरा पाहून हसली. "सर, फी घेतली नाही तर तुम्ही माझं ऐकणार नाही."

मी त्या फीसाठी रिक्षात स्टेशनपर्यंत कुरकुरत होतो. फोर्टवाल्यांनी एक पैसा घेतला नव्हता. त्यांचा सल्ला मला १,१९,००० ला पडला होता आणि निरोप समारंभाला मी त्यांच्यासाठी शाल नेली होती. ते वर गेले... म्हणजे गावी, चिपळूणला. तिथून अजून फोन येतो. "मास्तर, विकले नाहीत ना?"

नाहीत. म्हणजे विक्रीची ऑर्डर मी दर सोमवारी लावतो, ७ च्या भावाने. डावीकडे शून्य असतं. वाचकांपैकी कोणाला ग्रीन एनर्जीत रस असेल तर येत्या सोमवारी बाजार उघडताच यावं. घेण्याआधी मला विचारलंत तर खरं काय ते सांगेन. घेऊन झाल्यावर विचारलंत तर मात्र, थांबा, वर जाणार.